चौदा गाड्यांची यादी

साटमकाका स्कूटरच्या किल्लीने कान कोरायचे. समोर कोण बसलंय, कसलं बोलणं चाललंय, याचं त्यांना काही नसे. किल्ली कानात घालून डोळे मिटायचे, दोन वेढे द्यायचे, बाहेर काढून उजेडात धरून बघायचे, लेंग्याला पुसायचे आणि त्याच बोटांनी बशीतलं भजं उचलायचे. वर "घ्या ना, गार होतायत," असं आमच्याच घरात आम्हालाच सांगायचे. मी त्या बशीला पुढे हात लावू शकत नसे. माझी बायको शुभदा मात्र खायची. "माणूस चांगला आहे रे, किल्लीकडे बघू नकोस," म्हणायची.

फेब्रुवारीत काका गेले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शोकसभा झाली. "कदमसाहेब, दोन शब्द बोला, तुमच्या घरावर त्यांचा फार जीव," असं कोणीतरी म्हणालं आणि मी उठून बोललो. निःस्वार्थी, निरलस, सोसायटीचा आधार, असले शब्द वापरले. लोकांनी माना डोलावल्या. घरी येऊन मी चूळ भरली. तिथे बोललो नाही ते इथे लिहितो आहे.

आमची सोसायटी बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, नदीपासून चालत पाच-सात मिनिटांवर. काका तिचे कायमचे सेक्रेटरी, कारण दुसऱ्या कोणाला व्हायचं नव्हतं. अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरला त्यांची हयात गेली होती. "सहीशिवाय एक वायसर बाहेर जाऊ दिला नाही," हे ते आठवड्यातून एकदा तरी सांगत. निवृत्त झाल्यावर ते स्टोअर त्यांनी एका प्लास्टिकच्या पिशवीत भरून सोसायटीत आणलं. रबरी शिक्का, शाईचा पॅड, लेटरहेड आणि फुगलेली एक फाइल. दारावरची बेल वाजवायच्या आधी ते खाकरायचे, असे की आत चहा पिणाऱ्याने कप खाली ठेवावा. मग पान उलटायला अंगठा जिभेला लावत म्हणायचे, "माझ्यावर सोडा."

त्यांच्यावर काय काय सोडलं जायचं ते एका पारव्यावरून मला कळलं. एका मे महिन्यात नळाच्या पाण्याला वास यायला लागला. काका मजल्यामजल्यावर सांगत फिरले, "औषध जरा जास्त पडलंय, दोन दिवसांत जाईल." चौथ्या दिवशी त्यांनी टाकी धुऊन घेतली, वास गेला. पुढे दिवाळीत, आमच्याकडे चकली खाता खाता, त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं की टाकीत पारवा पडून फुगला होता. यांनी पहिल्याच दिवशी चड्डीवर टाकीत उतरून तो हाताने बाहेर काढला होता.

"मग त्याच दिवशी टाकी रिकामी का नाही केलीत?" मी विचारलं.

"अहो, त्या दिवशी बी विंगमध्ये साखरपुडा. शंभर माणूस जेवायला. पाणी बंद केलं असतं तर त्या पोरीच्या बापाने करायचं काय?"

"आणि चार दिवस आम्ही ते पाणी प्यायलो त्याचं?"

"कोण मेलं का? सगळ्यांचं बघावं लागतं, कदमसाहेब. सगळ्यांना सगळं सांगायचं नसतं."

मी हातातली चकली बशीत परत ठेवली. पण सहासष्ट वर्षांचा माणूस अंधाऱ्या टाकीत उतरतो आणि सडलेला पक्षी हाताने उचलतो, हेही खरं होतं. आमच्यापैकी एकानेही ते केलं नसतं. काकांची धड किळसही करता यायची नाही, मध्येच त्यांचं काहीतरी चांगलं आड यायचं.

शुभदाच्या डाव्या पायात लहानपणापासून पोलिओ. ती अंबरनाथच्या शाळेत गणित शिकवते. पायाला पट्ट्यांचा लोखंडी कॅलिपर घालून रिक्षात चढायचं, तिघांच्या सीटवर चौथं बसायचं, उतरताना मागच्यांची कटकट ऐकायची, यात तिची वीस वर्षं गेली. ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसतो, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही, हे तिला तिच्याच एका विद्यार्थिनीने सांगितलं. ती चाळिशी उलटल्यावर गाडी शिकली. नवी परवडणारी नव्हती, म्हणून उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये हरेशभाई म्हणून जुन्या गाड्यांचे व्यापारी आहेत, त्यांच्याकडे आम्ही गेलो. साटमकाका न बोलावताच आमच्या रिक्षात येऊन बसले होते.

तिथे त्यांनी सगळ्या गाड्यांचे दरवाजे उघडून आत नाक घातलं. सीटचा वास घेतला. डॅशबोर्डचा खण उघडल्यावर आधीच्या मालकाची शिळी बडीशेप निघाली ती तोंडात टाकली. हरेशभाईंच्या दोन लस्स्या प्यायले आणि मिशी शर्टाच्या बाहीला पुसली.

"साईं, आप इनके कौन?" हरेशभाईंनी विचारलं.

"मैं सेक्रेटरी," काका म्हणाले.

हरेशभाई हसले नाहीत. त्यांनी शुभदाला समोर बसवून एकेक कागद वाचून दाखवला. इंजिन आणि गिअरबॉक्सची एक वर्षाची वॉरंटी होती, ती एका वेगळ्या कंपनीची. "भाभी, कुछ भी हुआ तो पहले लिखके देना. फोन का कोई मतलब नहीं. आणि पाण्यात गाडी घालू नका, पाणी आलं की वॉरंटी खतम," असं त्यांनी अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत दोनदा सांगितलं. मी मान हलवली.

गाडी घरी आली त्या दिवशी काकांनी लिफ्टजवळची आपली स्वतःची जागा शुभदाला दिली आणि स्कूटर जिन्याखाली नेऊन लावली. "ताईंना चालायला नको," म्हणाले. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी आमच्याकडे भजी खाल्ली आणि मीही त्याच बशीतली खाल्ली.

गाडीने शुभदाचं काय झालं ते मी रोज बघत होतो. ती शाळेतून परतताना मध्येच थांबून भाजी घ्यायला लागली. एका रविवारी मला न सांगता उल्हासनगरला जाऊन पडद्याचं कापड घेऊन आली. "कुठे होतीस?" म्हटल्यावर "सहज गेले होते," म्हणाली. सहज जाणं हा प्रकार तिच्या आयुष्यात त्याआधी नव्हता.

दुसऱ्या महिन्यात गाडी कुरकुरायला लागली. सकाळी ठीक चालायची. गरम झाली की मात्र डी, म्हणजे पुढे जायचा गिअर, टाकल्यावर दोन-तीन सेकंद जागची हलायची नाही आणि मग मागून कोणी लाथ घालावी तसा झटका देऊन पुढे जायची. शुभदा तक्रार लिहायला बसली. तेवढ्यात बाहेर खाकरणं ऐकू आलं.

"लेखी कशाला, ताई?" काका म्हणाले. "लेखी दिलं की माणूस नोटीस समजतो. संबंध बिघडतात. माझ्यावर सोडा."

ते स्वतः गाडीबरोबर कॅम्प पाचला गेले, दुकानातल्या मेकॅनिकच्या खांद्यावर हात ठेवून गिअरबॉक्सचं तेल बदलून घेतलं आणि विजयी मुद्रेने परत आले. त्या दिवशी हरेशभाई दुकानात नव्हते. सहीशिवाय वायसर सोडला नाही असं सांगणाऱ्या या माणसाने आमच्या तक्रारीचा एक चिठोरा कुठे उरू दिला नाही. महिनाभर गाडी बरी चालली, तेव्हा आम्ही त्यांचे आभारच मानले.

जुलैत नदी चढली. मांजर्लीत दर मोठ्या पावसाला एक रीत आहे. धरणातून पाणी सोडणार असल्याची बातमी आली की सगळे आपापल्या गाड्या काढून रेल्वेच्या पलीकडे, पूर्वेला नेऊन लावतात. त्या दुपारी शुभदा स्वतः गाडी घेऊन त्या रांगेत गेली आणि कात्रपला मैत्रिणीच्या इमारतीसमोर लावून आली. आमच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी भरलं. गाडी मात्र तीन दिवस कोरडी ठणठणीत उभी होती. काका त्या गढूळ, गटार मिसळलेल्या पाण्यातून दोन दिवस सगळ्यांसाठी दूध आणत होते.

पाणी ओसरल्यावर कोणा पुढाऱ्याने बुडालेल्या गाड्यांना मदत मिळवून देतो म्हणून सांगितलं, आणि काकांनी यादी केली. चौदा गाड्या. शुभदा आंघोळीला गेलेली असताना ते दारात उभे राहिले. नऊ नंबरला आमची गाडी होती, पुढे सहीची जागा मोकळी.

"काका, आमची गाडी पूर्वेला होती."

"मला माहीत नाही का? पण सगळ्यांनी केल्यात सह्या. तुम्ही एकटेच वेगळे कशाला पडता?"

मी सही केली. त्यांनी शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली आणि माझ्या सहीशेजारी दाबला. मी हे शुभदाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

गणपतीनंतर एका दुपारी, अंबरनाथच्या उड्डाणपुलाच्या चढावर, गाडीने जीव सोडला. इंजिन किंचाळतंय आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे घरंगळतेय, मागे ट्रक. शुभदाने ब्रेक दाबून धरला आणि तशीच बसून राहिली. ट्रकवाल्याने खाली उतरून चाकाला दगड लावला म्हणून बरं. मी पोचलो तेव्हा तिचा उजवा पाय थरथरत होता, आणि तोच तर तिचा चांगला पाय.

गाडी ओढून कॅम्प पाचला नेली. हरेशभाई म्हणाले, "गिअरबॉक्स गया, भाभी. पर वॉरंटी में हो जायेगा, हक़ का है आपका." त्यांनी गिअरबॉक्स उघडून फोटो काढले. आत पाण्याचा थेंब नव्हता, गंज नव्हता. पण मांजर्लीचा पत्ता दिसला की वॉरंटी कंपनी चौकशीला माणूस पाठवते. तो आला तेव्हा आम्ही दोघं कामावर होतो. अधिकारी दिसला की काकांना राहवायचं नाही. त्यांनी त्याला सोसायटीच्या ऑफिसात बसवलं, चहा पाजला, बिस्किटं दिली आणि तो निघायच्या आत अंगठा जिभेला लावून फाइल उघडली. पूर किती मोठा होता हे दाखवायला यादी त्याच्यापुढे धरली. त्याने फोटो काढला. "भला माणूस होता," असं काकांनी मला जिन्यात सांगितलं.

आठ दिवसांनी नकार आला. वाहन पुराच्या पाण्यात बुडालेले असल्याने वॉरंटी रद्द. सोबत यादीचा फोटो. गाडी पुराच्या आधीच बिघडली होती हे दाखवायला आमच्याकडे एक कागद नव्हता. शुभदाने तो फोनवर दोन बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत बसली.

"ही तुझी सही आहे?"

मी हो म्हटलं.

ती एवढंच म्हणाली, "चल, काकांकडे जाऊ."

काका खुर्चीत बसले होते. पुराच्या पाण्याने त्यांच्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या होत्या, त्या दोन महिने गेल्या नव्हत्या. खाली वर्तमानपत्र पसरून ते सुटलेली कातडी सोलत होते. आम्हाला बघून त्यांनी हात थांबवला नाही. मला तो वास अजून आठवतो.

"काका, एक ओळ लिहून हवी आहे," शुभदा म्हणाली. "गाडी त्या दिवशी इथे नव्हती, नाव चुकून आलं. हरेशभाई म्हणतात तेवढं पुरेल. फेरअर्जाला पंधरा दिवसांची मुदत आहे."

काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "ताई, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पण नाही देता येणार."

"का?"

"नऊ नंबर खोटा म्हणून मीच लिहून दिलं की बाकी तेरा कोण खरे मानणार? अर्ज वर गेलाय. चौघांनी माझं पत्र विम्याला पण लावलंय. ती माणसं कुठे जातील?"

"चौदातल्या खऱ्या बुडाल्या किती?"

"पाच," काका म्हणाले. आवाजात जराही चलबिचल नव्हती.

"सहा नंबरची कोणाची आहे?"

"आमच्या संतोषची."

संतोष हा त्यांचा मुलगा. तो नाशिकला असतो. त्याची गाडी त्या वर्षात बदलापूरला आलेलीच नव्हती.

"मला रोज उठून शाळेत जायचंय, काका," शुभदा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्हाला माहीत आहे मी आधी कशी जायचे."

"माहीत आहे ना. म्हणून तर जागा दिली." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, खुन्नस नव्हती, अगदी समजावल्यासारखं बघितलं. "आणि सही तर मिस्टरांची आहे. खोटी सही केली असं त्यांनी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यावं. मी अडवणार नाही."

आम्ही उठलो तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुमच्या जागेवर मी 'अपंगांसाठी राखीव' असा बोर्ड रंगवून लावतो. म्हणजे गाडी नसली तरी जागा कोणी घेणार नाही." खरोखरच चांगल्या मनाने म्हणाले. कातडी सोललेली बोटं त्यांनी लेंग्याला पुसली आणि शुभदाला धरायला हात पुढे केला. त्या क्षणी मला त्या माणसाची जी शिसारी आली, ती आयुष्यात कोणाची आली नव्हती.

हरेशभाईंना विचारलं. ते म्हणाले, "भाईसाब, आप खुद लिखके दो, वो तो और अच्छा है. मैं लेके जाता हूँ." म्हणजे आता काकांची गरजच नव्हती. मी लिहायचं होतं.

मी अंबरनाथच्या एका कंपनीत तयार मालाची तपासणी करतो. माझ्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नाही. खोटी सही केली होती, असं स्टॅम्पपेपरवर माझ्या हाताने लिहायचं, उद्या तो कागद कुठे फिरेल, कंपनीत कोणाच्या हाती लागेल, विम्याला काकांचं पत्र लावलेले ते चौघे काय म्हणतील, असलं सगळं माझ्या डोक्यात चालायचं. स्टॅम्पपेपर आणला. "लिहितो," म्हणायचो. "उद्या बसतो," म्हणायचो. मजकुराचे तीन कच्चे कागद केले आणि प्रत्येकात सहीचं खापर थोडं थोडं काकांवर ढकललं. शुभदा पहिल्या आठवड्यात विचारायची. दुसऱ्या आठवड्यात तिने विचारणं सोडलं. काका जिन्यात भेटले की हळूच, काळजीने विचारत, "झालं का लिहून?" आणि मी मान खाली घालून चढून जायचो. पंधरावा दिवस असाच गेला.

गाडी हरेशभाईंनी परत घेतली. मोडक्या गिअरबॉक्ससकट जितकी किंमत कोणी दिली नसती तितकी दिली. "भाभी, मुझे शरम आती है," म्हणाले. शरम वाटावी असं त्यांनी काहीच केलेलं नव्हतं.

त्यानंतर रोज सकाळी पावणेसातला काका नाक्यावर जायचे आणि रिक्षा घेऊन, तिच्यात बसूनच, गेटपर्यंत यायचे. शुभदाची पिशवी घ्यायचे, कोपराला धरून तिला चढवायचे. त्यांनी तो बोर्डही लावला होता, पिवळ्यावर काळ्या अक्षरात. मी म्हणायचो, मी खाली येतो. ती म्हणायची, नको.

एकदा मला राहवलं नाही. "त्या माणसाचा हात धरवतो कसा तुला? मला इथून बघून किळस येते."

ती कॅलिपरचे पट्टे आवळत होती. वर न बघता म्हणाली, "त्यांनी मला तोंडावर नाही म्हटलं. तू पंधरा दिवस हो म्हणत होतास."

तिने पिशवी खांद्याला लावली, भिंतीचा आधार घेत लिफ्टपर्यंत गेली आणि दार लावून घेतलं.

काकांना मी शेवटचं पाहिलं ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, त्यांना दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या सकाळी. मी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उभा होतो. रिक्षा आली. काका दम लागल्यासारखे हळू उतरले, थोडा वेळ रिक्षाच्या टपाला धरून उभे राहिले, मग त्यांनी शुभदाला चढवलं, पिशवी तिच्या मांडीवर दिली आणि साडीचा पदर चाकात जाईल म्हणून आत सरकवला. ती त्यांना काहीतरी म्हणाली, ते हसले. रिक्षा वळून दिसेनाशी झाली तसं त्यांनी वर पाहिलं. मला मागे सरकायला वेळ मिळाला नाही. मी तिथे रोज उभा असतो हे त्यांना बहुतेक पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी आपल्यातल्याच एकाला करावा तसा हात केला.

मीही हात वर केला.